कळंब्याला न गेलेले केंद्र

११ ऑगस्ट २०२५, सोमवार, सकाळी ९ वाजून ४० मिनिटे. रंकाळा ३१८, कळंबा ०.

माझ्या वहीतल्या त्या पानावरची ही पहिली नोंद. बाहेरच्या कोणी ती वाचली तर त्याला वाटेल, ही तळ्यांच्या पाण्याची मोजणी आहे. ती तशी नव्हती. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर दुधाचे वजन आणि फॅट मोजून सभासदाच्या हातात पावती देणारे एक यंत्र असते. त्यातले सॉफ्टवेअर आमची कंपनी तयार करते. जुन्या आवृत्तीचे नाव रंकाळा, नवीचे कळंबा. तीस सप्टेंबरच्या संध्याकाळी जुना सर्व्हर बंद होणार होता, आणि त्याआधी सगळी ३१८ केंद्रे रंकाळ्यावरून कळंब्यावर न्यायची होती. रंकाळ्यासमोर शून्य लिहिले गेले की मी पुण्याच्या मुख्य कार्यालयात अकरा जणांच्या गटाची प्रमुख म्हणून रुजू व्हायचे, असे ठरले होते. लेखी काही नव्हते. पण ज्यांनी सांगितले ते माझे वरिष्ठ शब्दाचे पक्के होते. मला ते पद हवे होते, हे आडवळणाने सांगण्यात अर्थ नाही. अकरा या आकड्याचेही मला आकर्षण होते.

शाहूपुरीत, मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानावर, दोन खोल्यांचे आमचे ऑफिस आहे. मी आले तेव्हा तिथे मला धरून सहा माणसे होती. दोघे पुण्याला गेले, एक बंगळूरला, एक घरून काम करू लागला, एकीने लग्नानंतर नोकरी सोडली. चाचणीची यंत्रे हलवणे गैरसोयीचे होते, म्हणून ऑफिस राहिले, आणि यंत्रांबरोबर मी राहिले. खुर्च्या मात्र सहाच. एका आठवड्यात मी रोज वेगळ्या खुर्चीवर बसून पाहिले. सोमवार ते शनिवार सहा दिवस, सहा खुर्च्या. आकडा इतका तंतोतंत जुळला की पुढच्या सोमवारी मी तो खेळ बंद केला.

खालच्या दुकानदाराने एकदा जिन्यात विचारले, "मॅडम, वर कोण कोण असतं वो?"

"मीच."

"मग सकाळी बोलतं कोण एवढं?"

सकाळी साडेनऊला आमची बैठक असते. पाच शहरांतली माणसे, पडद्यावर. बोलणे तेवढ्यापुरतेच. त्यानंतर संध्याकाळी सहापर्यंत माझ्या तोंडून शब्द निघायचा तो केंद्रांच्या फोनवर.

आवृत्त्यांना नावे देण्याची कल्पना माझी. पूर्वी नुसते आकडे असत, आणि केंद्राच्या सचिवाला "तुमची आवृत्ती कोणती?" असे विचारले की तो यंत्राच्या मागच्या चिठ्ठीवरचा भलताच क्रमांक वाचून दाखवायचा. मी दोन पानांचे टिपण लिहिले : आकडा विसरतो, ठिकाण विसरत नाही, तेव्हा आवृत्तीला ठिकाणाचे नाव द्यावे आणि ते पडद्यावर तसेच प्रत्येक पावतीच्या तळाशी छापावे. वरिष्ठ म्हणाले, "मग नावं तूच ठेव." मी नियम केला की नावे कोल्हापुरातल्या तळ्यांचीच घ्यायची. तळे जागचे हलत नाही. आवृत्तीही तशीच स्थिर असावी. पहिले रंकाळा, दुसरे कळंबा, पुढे राजाराम, त्यापुढे कोटीतीर्थ.

टिपणात न लिहिलेले कारण वेगळे होते. रोज सकाळी पाच शहरांतली माणसे माझ्या गावातली नावे उच्चारतील, एवढे मला पुरेसे वाटले होते. ती उच्चारतही. "रंकाला आज स्लो आहे." "कलंबा कधी देताय?" त्यांच्यातल्या बहुतेकांना ळ म्हणता येत नसे. दोनदा मी दुरुस्त केले, तिसऱ्यांदा सोडून दिले. रंकाला आणि कलंबा ही ठिकाणे कोल्हापुरात नाहीत, कुठेच नाहीत. माझ्या गावात नसलेल्या त्या दोन गावांच्या गप्पा ऐकत मी रोज वीस मिनिटे बसायची.

कळंब्याचे तळे मला सर्वांत जवळचे. माझे वडील विज्ञानाचे शिक्षक. रविवारी ते मला तिथे घेऊन जात आणि काठावरच्या ठरलेल्या दगडावर पाणी किती बोटे चढले किंवा उतरले ते मोजायला लावत. तारीख आणि वेळ घातल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, हे मी पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत नव्हे, त्या दगडापाशी शिकले. आता आईवडील नाशिकला भावाकडे असतात. रविवारी फोन येतो आणि पहिला प्रश्न हाच : "कळंब्याला पाणी किती?" मी जाऊन पाहून आलेली असते. उत्तर देते. मग ते आईकडे फोन देतात.

कळंब्याला मध्यवर्ती कारागृह आहे, हे मला अर्थातच ठाऊक होते. कोल्हापुरात ते कोणाला ठाऊक नाही? शाळेच्या मैदानावर कोणी कोणाची पट्टी चोरली तरी "तुला कळंब्यालाच पाठवतो" अशी धमकी मिळत असे. माहिती होती, मोजणीत मी ती धरली नव्हती.

केंद्रांना पाठवायचा संदेश मी काळजीपूर्वक लिहिला. आवृत्ती बदलणे याला मराठी शब्द हवा म्हणून 'स्थलांतर' वापरला. "आपले संकलन केंद्र सोमवारपासून कळंब्याला स्थलांतरित होत आहे. कृपया यंत्र तयार ठेवावे." पहिल्याच दिवशी फोन सुरू झाले.

"ताई, आमच्या डेअरीला कळंब्यात घातलं म्हणं! गुन्हा काय आमचा?"

"अहो, ते आवृत्तीचं नाव आहे."

"न्हाय, पाण्याच्या दुधाचा असंल तर त्यो गुन्हा गवळ्याचा. आमाला जामीन तरी द्या की."

मी असे फोन 'विनोद' या सदराखाली मोजत गेले. पहिल्या आठवड्यात एकतीस. मला ते आवडत होते, हेही नमूद केले पाहिजे. दिवसभरात माझ्याशी हसणारी माणसे तीच होती.

कसबा बावड्यातल्या एका केंद्राच्या वृद्ध सचिवांनी तर संदेश शब्दशः पाळला. सोमवारी दुपारी त्यांचा फोन आला. "ताई, कळंब्यात आलोय मशीन घेऊन. रिक्षा थांबवून ठेवलीया. कुठं यायचं, तळ्यापाशी का जेलपाशी?"

मी मोपेडवरून गेले. ते तळ्याच्या काठी यंत्र मांडीवर घेऊन, त्यावर टॉवेल पांघरून बसले होते. मी चूक समजावून सांगितली तेव्हा ते चिडले नाहीत. "तुमीच लिवलंय की, स्थलांतर. मी म्हटलं, सरकारी शब्द हाय, जायाच पायजे." मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाले, "आणि हे नाव बदला. माणसाला तळं आठवत न्हाय पयलं." मी हसले आणि तो फोनही वहीत 'विनोद' सदरात टाकला. एकूण बत्तीस.

आकडे मात्र उतरत होते. एक सप्टेंबरला रंकाळा १४२. आठ सप्टेंबरला ६७. पंधराला १२. त्या बारांपैकी अकरा ठिकाणी मी स्वतः गेले, आणि माझी एक पद्धत बसली : दूध घालायला रांग लागलेली असताना जायचे आणि सचिवाला सगळ्यांदेखत विचारायचे. लोक म्हणत, "करून टाका की, बाकीची करत्यात तर!" रांगेचा दाब माझ्या विनंतीपेक्षा जास्त भरे. बावीस सप्टेंबरच्या संध्याकाळी मी लिहिले : कळंबा ३१७, रंकाळा १.

तो एक म्हणजे पंचगंगेपलीकडच्या एका गावातले महिलांच्या संस्थेचे केंद्र. तिथल्या सचिव फोनवर नाही म्हणत नसत. "बघू की पुढच्या आठवड्यात," एवढेच म्हणत, आणि ते गेले सहा आठवडे चालले होते.

दुसऱ्या दिवशी मी पहाटेच निघाले. नवरात्र लागले होते. अंबाबाईकडे अनवाणी निघालेल्या बायकांच्या रांगा चुकवत नदी ओलांडली आणि साडेसहाला केंद्रावर पोहोचले. मारुतीच्या देवळाला लागून पत्र्याची खोली, दारात किटल्या घेतलेली वीस-पंचवीस माणसे. आत यंत्रापुढे पन्नाशीच्या सचिवबाई. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, हात सतत चाललेला.

"पावणं कुठलं?" रांगेतल्या एकाने विचारले.

"मशीनवाल्या असत्यात त्या," दुसरा म्हणाला.

"कोड बोला," सचिवबाई म्हणाल्या.

"एकशे चार."

"म्हशीचं का गाईचं?"

"तोंड बघून वळखा की, वैनी."

"तुमचं तोंड बघून तर नळाचं म्हणीन."

रांग हसली. पावती फाडून हातात गेली, पुढची किटली वर आली. या बाईंशी आपले जमेल, असे मला वाटले. मी माझी पद्धत वापरली. थोडा आवाज चढवूनच म्हणाले, "मावशी, तीनशे अठरांतलं तुमचं एकच केंद्र राहिलंय. बाकीची सगळी कळंब्याला गेली. तुमचं कधी जायचं?"

कोणी हसले नाही. किटल्यांच्या कड्यांचा आवाजही थांबला. मग मागून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, अगदी सहज, हवापाण्याविषयी बोलावा तसा : "त्यांच्या घरातलं एक गेलंय की आदीच."

सचिवबाईंचा हात काट्यावर होता. तो तिथून हलला नाही. "पुढचं," त्या म्हणाल्या. "कोड बोला की. झोपलाय का समदी?"

त्यानंतर सव्वीस सभासदांनी दूध घातले. मी मोजले, कारण दुसरे काही करता येण्यासारखे नव्हते. सव्वीस पावत्या फाडल्या गेल्या. माझ्याकडे कोणी पाहिले नाही, आणि बाईंनी एकाही किटलीवर विनोद केला नाही.

रांग संपल्यावर त्यांनी काटा धुतला, माझ्यासाठी शेजारून चहा मागवला. त्यांचा उपास होता. स्टुलावर बसून त्यांनी एक पावती माझ्यापुढे ठेवली आणि तिच्या तळावर बोट टेकवले. तिथे बारीक अक्षरात 'रंकाळा' छापलेले होते.

"हितं काय येणार?"

"कळंबा."

"सकाळी सत्तर, सांजच्याला सत्तर. मीच फाडायची, मीच हातात द्यायची." त्या अगदी सावकाश बोलत होत्या, मला आकडा लिहून घ्यायचा असल्यासारख्या. "ल्योक आत हाय माझा. तीन वर्सं झाली. ते काय लपल्यालं न्हाय, समद्या गावाला म्हाईत हाय. पण रोज छापून वाटू व्हय मी?"

मी त्या वेळी जे बोलले ते इथे लिहिणे आवश्यक आहे. मी म्हणाले, "मावशी, कळंबा म्हणजे तळं. आमची सगळी नावं तळ्यांचीच आहेत."

"व्हय की," त्या म्हणाल्या. "म्हयन्यातनं एकदा जाते त्याला भेटाय. बसमधी कुणी इचारलं तर मी बी तेच सांगते. तळं बघाय चाललीया म्हंते." पावती परत उचलत म्हणाल्या, "तळं काय अजून बघितलं न्हाय."

चहा निवत होता. त्यांनीच पेला माझ्या हाताकडे सरकवला.

"मशीनविषयी माझी तक्रार न्हाय. नवं चांगलंच असणार, तुमी शिकल्याली माणसं. पण खंडेनवमीला आमी मशीनला हार घालतो, नारळ फोडतो. त्या दिवशी त्येच्या कपाळावर ते नाव नको. पुढचं पुढं बघू."

खंडेनवमी एक ऑक्टोबरला होती. सर्व्हर तीस सप्टेंबरला बंद होणार होता.

मी उठताना म्हणाले, "पुढच्या वेळी भेटायला याल तेव्हा मला फोन करा. तळं दाखवते."

"बघू की," त्या म्हणाल्या.

ऑफिसात परतून मी सॉफ्टवेअरमध्ये ते नाव किती ठिकाणी आहे ते शोधले. त्रेचाळीस. पडद्यावर, पावतीवर, सर्व्हरशी बोलण्याच्या प्रत्येक टप्प्यावर. त्या एका केंद्रासाठी वेगळी आवृत्ती काढणे हा मार्ग होता, आणि तो बंद होता. 'एका केंद्रासाठी वेगळी आवृत्ती नाही' हा नियम गेल्या वर्षी मीच लिहून सर्वांना पाठवला होता, आणि तो बरोबर होता. दुसरा मार्ग सगळ्याच केंद्रांच्या पावत्यांवरून नाव काढून टाकण्याचा. त्याची चाचणी व्हायला नोव्हेंबर उजाडला असता. तोवर एका केंद्रासाठी जुना सर्व्हर चालू ठेवावा लागला असता, आणि रंकाळ्यासमोर शून्य आले नसते.

वरिष्ठांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"अगं, एका शब्दासाठी? तू असं कर, तीसला सर्व्हर बंद कर. एकला सकाळी मशीन चालणार नाही, रांग लागलेली असेल, बाई स्वतःच फोन करतील. पाच मिनिटांत होईल. तुझं शून्य झालं, त्यांचंही काम झालं."

त्यांच्या विचारात चूक नव्हती. दुसऱ्या कोणाच्या केंद्राविषयी मला विचारले असते तर मीही हेच सुचवले असते; रांगेच्या दाबाची पद्धत माझीच तर होती. फोन ठेवून मी त्या सकाळचे चित्र टप्प्याटप्प्याने मांडून पाहिले. हार घातलेले यंत्र, बंद. सत्तर किटल्या. बाईंचा फोन. मी इथून कळ दाबते. यंत्र चालू होते, पडद्यावर कळंबा उमटते, आणि पहिली पावती फाटते.

त्या आठवड्यात एका दुपारी मी तळ्यावर गेले. कळंब्याच्या थांब्यावर बसमधून उतरणाऱ्या बायका मी इतक्या वर्षांत पाहिल्या नव्हत्या असे नाही, पण त्या कुठे वळतात ते पाहिले नव्हते. चौघी उतरल्या. हातात कापडी पिशव्या, पदर सावरलेले. एकमेकींशी न बोलता चालू लागल्या. तळ्याकडे एकही वळली नाही. मी वडिलांच्या दगडापाशी जाऊन उभी राहिले. पाणी दगडावरून गेलेले होते. मोजायला बोटे लावायची जागाच नव्हती.

तिथे मला जे समजले ते फार गुंतागुंतीचे नाही. मला ऑफिसात सोबत नव्हती, म्हणून मी माझ्या गावाची नावे तीनशे अठरा ठिकाणी छापली होती. टिपणातली सगळी कारणे त्यानंतर शोधलेली होती.

रविवारी वडिलांनी विचारले, "कळंब्याला पाणी किती?"

"दगड बुडालाय," मी म्हणाले.

"मग आकडा?"

"आकडा नाही, बाबा."

आकडा नाही, असे मी त्यांना पहिल्यांदाच सांगत होते. "बरं," ते म्हणाले, आणि आईकडे फोन दिला.

एकोणतीसला मी वरिष्ठांना लेखी कळवले : जुना सर्व्हर एका केंद्रासाठी चालू ठेवावा; पुढच्या आवृत्तीला नाव नसावे, पडद्यावर नाही, पावतीवर नाही; राजाराम आणि कोटीतीर्थ ही नावे रद्द समजावीत. दहा मिनिटांत त्यांचा फोन आला.

"म्हणजे शून्य नाही."

"नाही."

"तुला कळतंय ना, मला वर काय सांगावं लागेल ते?"

"हो."

"ठीक आहे. मग पुण्याचं पुढं बघू." ते रागावलेले नव्हते. 'बघू' या शब्दाचा अर्थ मी सहा आठवडे एका केंद्राच्या फोनवर ऐकत आले होते, तेव्हा तो मला पुन्हा समजावून घ्यावा लागला नाही.

पुण्यातल्या त्या अकरा जणांना आता दुसरे प्रमुख आहेत आणि ते काम चांगले करतात. नव्या आवृत्तीला केवळ आठ पॉइंट एक म्हणतात. सकाळच्या बैठकीत सगळेच तो आकडा अचूक उच्चारतात. नदीपलीकडचे केंद्र नोव्हेंबरात तिच्यावर आले. मला ते सर्व्हरवरच्या यादीतून कळले. बाईंनी स्वतः होकार दाबला होता, फोन करण्याची गरज पडली नव्हती. तळे पाहण्यासाठीही त्यांचा फोन आलेला नाही. त्यांचा क्रमांक मी जपून ठेवला आहे. शाहूपुरीत खुर्च्या अजून सहाच आहेत.

त्या पानावर मात्र मी तीस सप्टेंबरनंतर काही लिहिले नाही. त्या दिवशी अष्टमी होती. दुपारपासूनच रस्ता देवळाच्या दिशेने वाहत होता. सहाला पाच मिनिटे असताना खालच्या दुकानदाराने शटर अर्धे ओढले आणि जिन्यातून हाक मारली, "मॅडम, आज तरी वेळेत सुटा की! घरची समदी निघालोय अंबाबाईला, येताय का संगं?"

"तुम्ही व्हा पुढे," मी वरूनच म्हणाले. "एक नोंद राहिलीय."

"एकच न्हवं? मग लिवा आणि चला."

शटर पूर्ण खाली आल्याचा आवाज झाला. मी थोडा वेळ थांबले, सहा वाजू दिले, यादी एकदा पुन्हा तपासली आणि वही उघडली.

३० सप्टेंबर २०२५, मंगळवार, संध्याकाळी ६ वाजता. कळंबा ३१७, रंकाळा १.